हक्कसोडीच्या साड्या

माझ्यावर भावा-बहिणींत भांडणं लावल्याचा आळ आहे. शिराळा तालुक्यातल्या एका गावात मी एसटीतून उतरले की पारावरचं बोलणं अजूनही थांबतं आणि दोन-चार पुरुष मंडळी तोंड फिरवतात. तो आळ धुऊन काढावा म्हणून मी लिहायला बसलेले नाही. केलं ते केलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पण त्या हकिगतीचे आता इतके पाठभेद झालेत की एकात मी बायकांना साड्या वाटल्या असं निघालंय. मी आयुष्यात कुणाला रुमालसुद्धा वाटलेला नाही. तेव्हा एकदा माझ्या तोंडून ऐका.

मी हायस्कूलमधली ड्रॉइंगची बाई. ड्रॉइंगची बाई म्हणजे गणिताच्या सरांना पोर्शन पुरा करायला जिचा तास हक्कानं मागता येतो ती. मुलांकडून फुलदाणी आणि दोन केळी काढून घ्यायचा मला कंटाळा आला, तेव्हा मी मोठ्या माणसांकडून चित्रं काढून घ्यायला सुरुवात केली. सुट्टीत, रविवारी, आणि निवृत्त झाल्यावर तर रोजच. पद्धत सोपी आहे. एखाद्या गावात जायचं, दोन-तीन महिने तिथल्या लोकांबरोबर बसायचं, सगळ्यांना मिळून एकच प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर रंगवून, चिकटवून, शिवून घ्यायचं. मग ते सगळं त्याच गावात लावायचं. हे शेवटचं महत्त्वाचं. पुण्याला नेऊन लावलं तर टाळ्या पडतात. त्याच गावात लावलं तर भांडण होतं. मला भांडण हवं असतं. जे बदलायला हवं ते टाळ्यांनी बदललेलं मी तरी पाहिलेलं नाही.

लोकांना वाटतं प्रदर्शनाला चित्रं लागतात. चित्रं मिळतात हो, भिंत मिळत नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर थोर पुरुष असतात, तालमीच्या भिंतीवर पैलवान, आणि देवळाच्या सभामंडपाच्या भिंतीवर देणगीदार. शाळेत खिळा मारू देत नाहीत. म्हणून मी जन्मभर दोरी, बांबू आणि कपड्यांचे चिमटे यांवर निभावलं. दुसरी गोष्ट उंचीची. पुस्तकात लिहितात, चित्र बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हवं. कुणाच्या? पुरुषाच्या मापानं टांगलं तर आमच्या बायका मान वर करून बघतील, आणि चार माणसांत मान वर करायची त्यांना सवय नसते. मी बायकांच्या मापानं टांगते. पुरुषांनी जरा वाकावं, वाकल्यानं काही होत नाही.

तिसरी गोष्ट पाहुण्यांची. वडूजला पहिल्या मोठ्या प्रदर्शनात प्रश्न होता, ‘घरातलं पाणी कोण आणतं?’ प्रमुख पाहुणे आले, त्यांनी फीत कापली, माइकवर पाण्याचं महत्त्व सांगितलं आणि एकाही चित्राकडे न बघता गाडीत बसले. त्या दिवसापासून मी फीत आत यायच्या दाराला बांधत नाही, बाहेर जायच्या दाराला बांधते. सगळं बघा आणि मग कापा. दोन पाहुणे रागावले, एक मात्र दीड तास आत रमला आणि फीत कापायचंच विसरला. वडूजच्या त्या प्रदर्शनातच एका गृहस्थांनी सगळीकडे हिंडून मला विचारलं होतं, “बाई, समद्या चित्रांत बायाच हायत. पुरुष कुठं हाय ह्यात?” मी म्हटलं, “तुमच्या घरी तरी कुठं आहे, बघून सांगा.” ते हसले. बायकोला मात्र माझ्या चित्रांच्या वर्गाला पुन्हा पाठवलं नाही.

खंडाळ्याच्या बाजूला एका गावात मी म्हटलं, आपल्या गावाचा नकाशा काढा. गावठाणातल्या लोकांनी झकास नकाशे काढले. देऊळ, चावडी, टाकी, प्रत्येकाचं घर. ओढ्यापलीकडची वस्ती एकानंही काढली नव्हती. ठरवून नव्हे, सुचलीच नाही. वस्तीतल्या लोकांनी काढलेल्या नकाशांत मात्र अख्खं गाव होतं, कुणाच्या दारात कुठलं झाड आहे इथपर्यंत. मी दोन्ही नकाशे समोरासमोर टांगले आणि खाली काही लिहिलं नाही. दुपारी गावकीतली माणसं आली आणि म्हणाली, बाई, तुमीच रंगानं ती वस्ती भरून टाका, बरं दिसत न्हाई. मी ठाम नाही म्हटलं. नकाशा तुमचा, विसर तुमचा, मी का भरू? ते नकाशे चार दिवस तसेच राहिले आणि चार दिवस मला त्या गावात कुणी चहा विचारला नाही. वस्तीत विचारला.

आता साड्यांचं.

आपल्याकडे बापाच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा कायद्यानं आहे. पण बाप गेला की भाऊ बहिणीला गाडीत घालून नेतो, कचेरीत ती हक्कसोडपत्रावर सही करते, म्हणजे माझा वाटा भावाला सोडला असं लिहून देते. मग हॉटेलात जेवण आणि कापडाच्या दुकानात एक साडी. बहीण साडी घेऊन सासरी येते. सही नाही केली तर माहेर तुटतं. सातारा-सांगलीकडे ऊसवाल्या घरात ही रीत इतकी अंगवळणी पडलीय की तिला कुणी अन्याय म्हणत नाही, बहिणीची माया म्हणतात.

शिराळ्याकडच्या त्या गावात मी बायकांना प्रश्न दिला होता, ‘माहेरानं तुम्हाला काय दिलं?’ कुणी पाटा-वरवंटा काढला, कुणी म्हैस काढली. शालन नावाची पन्नाशीची बाई दोन आठवडे नुसती बसून राहिली आणि तिसऱ्या आठवड्यात एक साडी घेऊन आली. मोरपंखी, जरीच्या काठाची, घडीसुद्धा न मोडलेली.

“हे दिलं,” ती म्हणाली. “सहीची साडी. नेसावं वाटलंच न्हाई कवा.”

वर्गातल्या बायका साडीभोवती जमल्या. मग एक म्हणाली, माझी पण ट्रंकेत आहे. एकीनं वाकळ शिवली होती, एकीनं सुनेला दिली होती, आणि एक धीट बाई म्हणाली, “मी म्हशीच्या रेडकाला झूल केली. दुसरं काय करायचं तिचं?” बायका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्या हसण्यातच प्रदर्शन ठरलं. ज्या साडीवर वाटा सोडला, तिच्याच पदरावर तो वाटा रंगवायचा.

शालनची गोष्ट सांगायला हवी. ती गावातल्या गावात दिलेली, सासर आणि माहेर दोन गल्ल्यांच्या अंतरावर. एकुलता थोरला भाऊ फौजेत होता, सुभेदार होऊन परत आला, गावात त्याला सुभेदारच म्हणतात. तो सरहद्दीवर असताना बापाला अर्धांगवायू झाला. सासरचं काम उरकून शालननं बापाचं रान सांभाळलं, उसाला पाणी पाजलं, फुटलेले ताल, म्हणजे रानाचे मोठे बांध, पुन्हा घातले, आई-बापाची शेवटची सेवा केली. सुभेदार परत आला तो थेट कागद घेऊन. तिनं हसत सही केली, कारण भाऊ जिवंत परत आला होता. हेही खरं होतं, आणि आता ती जे रंगवत होती तेही खरं होतं. तिनं पदरावर ताल काढला, विहीर काढली आणि म्हशीच्या पाठीवर बसलेली दोन पोरं काढली. म्हशीचा पाय चुकला होता. मी दुरुस्त केला नाही.

भिंत मिळाली ती बंद पडलेल्या गुऱ्हाळात. मंडपवाले सत्तारभाई माझे जुने सोबती. त्यांनीच ती जागा हेरली. सगळा ऊस कारखान्याला जातो, गुऱ्हाळ कोण चालवणार? रस आटवायच्या काहिली कधीच गेल्या होत्या, चुलवाण ढासळलं होतं, पण भिंती धुरानं काळ्याकुट्ट होत्या. मी एक साडी धरून बघितली आणि मला कळलं की असं प्रदर्शन मी पुन्हा भरवू शकणार नाही. काळ्यावर तो रंग नुसता पेटला होता.

सत्तारभाई बांबू बांधता बांधता म्हणाले, “बाई, आमच्यात पोरीचा वाटा पहिल्यापास्नं लिवलेला हाय.”

“मग मिळतो का?”

“लिवलेला हाय म्हटलं,” ते म्हणाले आणि सुंभ आवळायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बहिणीची साडी आणून माझ्या हातात ठेवली.

तारीख मात्र माझ्याकडून चुकली. नागपंचमीला साऱ्या लेकी माहेरी येतात, नव्या सुना आपापल्या माहेरी जातात, जुन्या सुना नणंदांच्या सरबराईला घरी राहतात. बघायला गर्दी होईल म्हणून मी पंचमीच्या आदल्या दिवशी उद्घाटन ठेवलं, बोर्डही रंगवून लावले. आदला दिवस म्हणजे भावाचा उपास. भावाला आयुष्य मागत बहिणी दिवसभर उपाशी राहतात. मला भाऊ नाही, मी तो उपास कधी धरलेला नाही, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गावातल्या पुरुषांना वाटलं, बाईनं मुद्दाम डाव साधला.

सुभेदार गुऱ्हाळात आले. मिशी, इस्त्रीचा शर्ट, ताठ पाठ. त्यांनी माझ्याशी एक शब्दही वावगा काढला नाही.

“बाई, तारीख बदला. उपासाच्या दिवशी भावाची अब्रू टांगताय तुमी.”

“साड्या टांगतोय, सुभेदार.”

“येकच हाय ते.” मग बहिणीकडे वळले. “शालन, तुजी साडी हितं दिसली तर माज्या घरचं दार तुला बंद. पंचमीला न्हाई, दिवाळीला न्हाई. मी मेलो तरी न्हाई.”

ते गेल्यावर मी बायकांना म्हटलं, तारीख माझी चुकली, बदलूया. तर बायका माझ्यावरच उखडल्या. कशाला बदलायची? उपासही धरू आणि साडीपुढंही उभं राहू, त्यात काय वाकडं? मी शालनला बाजूला घेतलं. तिची साडी काढून ठेवू का, असं विचारलं. माझं काय जाणार होतं? तोडायला मला माहेर नव्हतंच. तिला ते दार रोज पाण्याला जाताना दिसणार होतं.

“बाई, तुमाला भ्या वाटतंय व्हय?”

“वाटतंय.”

“मला बी वाटतंय. साडी ऱ्हाऊ द्या.”

उद्घाटनाला पाहुणा कुणी बोलावलाच नव्हता. बायका सकाळपासून येत होत्या, कोरड्या ओठांनी, डोक्यावर पदर घेऊन. माहेरवाशिणी सासरहून पिशवीत लपवून आणलेल्या साड्या काढत होत्या, तिथंच पदर रंगवत होत्या, आम्ही टांगत होतो. एकेका पदरावर आंब्याचं झाड, मोट नसलेली विहीर, शेजारच्याशी भांडणाचा बांध. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी इतकी वर्षं प्रदर्शनं भरवली, पण लोक चित्रासमोर उभे राहून चित्रातल्या मातीचा पोत सांगताहेत असं कधी पाहिलं नव्हतं. “हितं काळी हाय, हितनं म्होरं मुरमाड लागतं,” एक म्हातारी नातीला पदरावर बोट फिरवून दाखवत होती.

दुपारी सुभेदार आले. बरोबर भावकीतले पाच-सहा जण. सत्तारभाई मध्ये जायला निघाले, त्यांना मी थांबवलं. सुभेदार सरळ मोरपंखी साडीसमोर जाऊन उभे राहिले आणि वाकले. बायकांच्या मापानं टांगली होती ना. म्हशीवरची दोन पोरं त्यांनी बघितली. बराच वेळ बघितली. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी हात घालून साडी ओढली, चिमटे तटातट तुटले.

“मी दिलेली साडी हाय. मी घिऊन चाललो.”

शालन पुढे आली. तिचा आवाज कापत होता, पण तो भीतीनं नव्हे. सकाळपासून पोटात पाणी नव्हतं.

“ने की, दादा. तुजीच हाय. पर साडी घिऊन मी सही दिल्ती. साडी तुज्याकडं आली, आता माजी सही मला माघारी दे.”

“खुळी का काय! रजिस्टर झालाय कागूद.”

“कागूद झाला व्हता तर साडी कशाची दिलीस?”

गुऱ्हाळात सगळे तिच्याकडे बघायला लागले. सुभेदारांच्या हातात साडी होती आणि ती न्यावी की टाकावी ते त्यांना सुचेना. नेली तर व्यवहार मोडला असा अर्थ होत होता, आणि हे तिथल्या शेंबड्या पोराला कळलं होतं. शेवटी त्यांनी ती खाली टाकली आणि तरातरा बाहेर निघाले, ते फीत बांधलेल्या दारानंच. छातीवर फीत घेऊन गेले. उद्घाटन झालं म्हणायला हरकत नाही.

शालननं साडी उचलली, झटकली, तिची नीट घडी घातली. “त्येच्या घरी निऊन देते,” म्हणाली. तिच्यामागं दुसरीनं चिमटे काढले, मग तिसरीनं. “अगं, प्रदर्शन तीन दिवसांचं आहे!” मी ओरडले. कुणी ऐकलं नाही. ज्यांचे भाऊ त्या गावात होते त्या साऱ्या आपापली साडी काखेत मारून निघाल्या. राहिल्या त्या परगावी भाऊ असलेल्यांच्या थोड्या साड्या. अख्खी काळी भिंत उघडी पडली. सत्तारभाई म्हणाले, “बाई, आता लोकांस्नी काय दावायचं?” मी म्हटलं, काही नको, भिंतच दाखवा, आणि चपला घालून बायकांच्या मागे गेले.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी खोटी आशा धरायला नको. साडी परत दिल्यानं नोंदवलेलं हक्कसोड मोडत नाही. हे मला ठाऊक होतं आणि त्या बायकांनाही ठाऊक होतं. त्या दिवसानं कुणाच्या नावावर गुंठाभरही जमीन चढली नाही. तिघींची माहेरं तुटली ती तुटलीच. त्यातली एक माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं खरं आहे. ती एसटी स्टँडवर दिसली की मी खाली मान घालून पुढे जाते. पण त्या गावात नंतर दोन घरांत बाप वारले, आणि चार मुलींनी सही करायला नकार दिला. त्यांच्यासाठी मी शिव्या खायला तयार आहे.

आता त्या दुपारचं. सुभेदार घरी ओसरीवर खुर्चीत बसले होते. शालन अंगणात गेली, पायरी चढली आणि उंबऱ्यावर साडी ठेवली. आम्ही सगळ्या रस्त्यात उभ्या. गल्लीतली दारं-खिडक्या माणसांनी भरली होती.

“उचल ती,” सुभेदार म्हणाले. “आन पुन्यांदा हितं पाय टाकू नगंस.”

शालन उचलेना आणि हलेना. तिचं तोंड वाकडंतिकडं झालं, हे रडू होतं. आतून सुभेदारांची बायको, रत्नावहिनी, दारात आली. अबोल बाई, वडूजकडची, माझ्या वर्गाला एकदाही आली नव्हती. गल्लीतल्या बायका कुजबुजल्या, आता ही नणंदेच्या अंगावर जाणार. वहिनीनं साडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली. आत ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक लाल साडी होती, दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं. उंबऱ्यावरच्या साडीला पाय लागू न देता ती ओलांडून बाहेर आली आणि नणंदेशेजारी उभी राहिली.

“तू कुठं निघालीस?” सुभेदारांनी विचारलं.

“माज्या भावाकडं. ही द्यायला.”

“तुजं काय मधीच?”

“मधीच कसं? तुमीच म्हणला व्हता, भावाशी वाकडं नगं, सही करून टाक. मी केली.” ती हळूच बोलत होती, गल्लीतल्या बायका ऐकायला जवळ आल्या. “हितल्या रानात शालनवन्संचा वाटा व्हता, तिकडच्या रानात माजा. दोघी बी उनात राबलो. आमचं ढेकूळ कुठंच न्हाई.”

सुभेदार खुर्चीतून उठले. मला वाटलं, ते बायकोवर हात उचलणार, आणि मी रस्त्यातून पुढे सरकले. पण ते नुसते उभे राहिले. फौजेत राहिलेला माणूस, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

वहिनीनं पदर खोचला आणि नणंदेचं मनगट धरलं. “चला वन्सं. वडूजची गाडी गावंल अजून.” दोन पायऱ्या उतरून ती थांबली, मागे वळली आणि नवऱ्याला म्हणाली, “दार लावू नगासा. उद्या पंचमी हाय. सकाळच्या गाडीनं येतो आमी, पुरणाची दिंडं मी हितंच करनार हाय, आन वन्सं हितंच जेवनार हायत.”